अप्पांची पट्टी, मयूरीची नाडी

या मंडळी, सरकून बसा. दाराशी उभे आहात ते पुढे या, खांबाला टेकलात तरी चालेल, पण माझा आवाज न ओढता पोचेल इतके जवळ या. आज एक गोष्ट सांगतो. देवाची नाही. देवाच्या पुजाऱ्याची, त्याच्या सुनेची, आणि भल्यासाठीच बनवलेल्या एका यंत्राची. ऐकताना भीती वाटेल. वाटू द्या. शेजारच्याचा हात धरून ऐका.

आमच्या करंजवड्यात ओढ्याकाठी महादेवाचं देऊळ आहे. विश्वनाथअप्पा गुरव तिथले पुजारी. रोज सकाळी पूजा, दर सोमवारी दिवेलागणीला कीर्तन. ज्यांनी अप्पांना ऐकलं त्यांना ठाऊक आहे, आख्यान ऐन भरात आलं की ते एक श्वासभर थांबायचे. नुसते थांबायचे आणि समोर बघायचे. त्या श्वासात सभामंडपात कुणी खोकत नसे. पेटीवाला सूर धरून बसे, आणि मग अप्पा पुढचा शब्द असा टाकत की बायाबापड्यांच्या डोळ्यांतून पाणी यावं.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी तो थांबा लांबायला लागला. आम्हाला वाटलं, म्हातारा रंगात आलाय. पुढे कळलं की त्यांना दम लागतोय.

पाय सुजले. जिना चढवेना. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं तपासलं आणि सून मयूरीला बाजूला घेऊन सांगितलं, "फिजिशियनला दाखवा. हृदयाचं आहे, किडनीचंही असेल. आमच्या हातातलं नाही."

फिजिशियन म्हणजे कापाकापी न करणारा मोठा डॉक्टर. हृदय, किडनी, फुप्फुस, साखर, सगळ्यांचा एकमेकांशी मेळ बघतो. कीर्तनात कसं, टाळ वेगळा, पेटी वेगळी, पण कुणीतरी एक सगळ्यांची लय धरून असावा लागतो. म्हातारं शरीर असंच असतं. एकेक वाद्य बरं वाजतं, पण मेळ सुटलेला असतो.

घरी जनकवच कार्ड होतं, सरकारी आरोग्य विम्याचं. तेव्हा ते बहुतेक सगळ्यांकडे होतं. आणि कार्डाबरोबर मनगटावर जीवपट्टी होती.

ही जीवपट्टी काय होती ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बोटभर रुंदीची, मऊ. तिच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया. टोचलेल्या कळतही नसत. कातडीखाली जो पातळ रस असतो, त्यातला थेंबाचाही अंश नसेल इतका रस ती दर काही मिनिटांनी ओढून घेई. त्यावरून साखर किती, किडनी कचरा किती काढते, हृदयावर ताण किती, हे तिला कळे. तुमच्यासारख्या लाखो शरीरांचं पुढे काय झालं हे तिला पाठ. त्यावरून ती आकडा काढी, शून्य ते शंभर. याला म्हणायचे भारांक. येत्या दोन वर्षांत या शरीराला किती उपचार लागतील, त्याचं भाकीत. आठवड्याच्या सरासरीवर तो ठरायचा.

हेतू चांगला होता. जड रुग्ण कोण ते आधी कळावं, त्यांच्याकडे आधी लक्ष जावं. पण सरकारनं डॉक्टरांनाही शेरे द्यायला सुरुवात केली. ज्याच्या रुग्णांची तब्येत लवकर सुधारते तो चांगला, ज्याचे रुग्ण बिघडतात तो यादीतून बाहेर. मग कोण उचलणार जड माणूस? कुणी उघड नाही म्हणालं नाही. दवाखान्यांची यंत्रंच शिकली. सत्तरच्या वर भारांक दिसला की दार आपोआप लागायचं.

अप्पांचा भारांक त्र्याऐंशी होता.

मयूरीनं जिल्ह्यातल्या कार्ड घेणाऱ्या अकरा फिजिशियनांना फोन लावले. सगळीकडे एकच गोड आवाज. "यादी भरली आहे. आपलं आरोग्य आमच्यासाठी मोलाचं आहे." अकराव्या फोननंतर तिला काय सुचलं कुणास ठाऊक, तिनं त्याच दवाखान्यात स्वतःच्या कार्डावरून फोन लावला. ती चौतिशीची, धडधाकट. तिचा भारांक बारा.

तोच आवाज म्हणाला, "उद्या सकाळी साडेदहा चालेल का?"

ती मला म्हणाली होती, "काका, आजाऱ्याला डॉक्टर नाही आणि मला साडेदहा चालेल का विचारतात."

आता अप्पांची एक गोष्ट सांगायची राहिली. पूजा सोवळ्यात. आंघोळ करून ओलं धोतर नेसलं की अंगावर दुसरं काही चालायचं नाही. पट्टीच्या आतला चिकट थर कुठल्या जनावराच्या कातड्याचा असेल या शंकेनं ती गाभाऱ्यात न्यायला ते तयार नव्हते. "सुनबाई, ही ठेव बाजूला. पिंडीला हात लावायचाय मला." आणि नियम असा की दिवसात तासाभराहून जास्त वेळ पट्टी उतरली तर कार्ड थांबतं. पूजेला तर दोन तास लागत.

मग मयूरी काय करायची? पहिल्या दिवसापासून तेवढा वेळ अप्पांची पट्टी स्वतःच्या दुसऱ्या मनगटावर बांधायची; एकावर तिची स्वतःची होतीच. भाजी चिरता चिरता, ईश्वरीची, म्हणजे लेकीची वेणी घालता घालता. कुणाला वाटलं यात काही वावगं आहे? देवाच्या कामासाठी तर होतं. पण पट्टी पहिले चौदा दिवस आपला माणूस ओळखायला शिकत असते. त्या चौदा दिवसांत रोज दोन तास तिला मयूरीची नाडी लागली. दोन नाड्या आहेत हे तिला कळलंच नाही. सासरा आणि सून मिळून तिनं एकच माणूस मानला.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी अभिषेकांची रांग लागली. अप्पा पहाटेपासून दुपार टळेपर्यंत सोवळ्यात. नऊ तास पट्टी मयूरीच्या हातावर. संध्याकाळी तिनं पाहिलं, भारांक एक्क्याऐंशी झाला होता. एका दिवसात सरासरी दोननं खाली!

नवरा धनराज पठारावरच्या पवनचक्क्यांवर चढून देखभालीचं काम करायचा. तो घरी आल्यावर तिनं सांगितलं.

"म्हणजे फसवायचं म्हणतेस?"

"नुसतं दारापर्यंत पोचायचं. आत गेल्यावर डॉक्टर माणूस आहे, डोळ्यांनी बघेलच की."

धनराजनं चहाचा कप खाली ठेवला. "लग्नात आपल्या पत्रिका जुळवल्या. आता तुझ्या आन अप्पांच्या नाड्या जुळवायच्या."

"हसण्यावारी नेऊ नका."

"हसत न्हाई गं. घाबरलोय."

अप्पांना सांगितलं ते अर्धंच. "श्रावणभर पट्टी माझ्याकडे राहू दे, तुमची कामं चालू असतात." ते म्हणाले, "ठेव बाई. माझ्या हाताला नुसती खाज सुटते तिच्यानं."

तीन आठवड्यांत आकडा अडुसष्ट झाला. आणि आमच्याच तालुक्यातल्या डॉ. नसीम तांबोळींच्या दवाखान्यातून फोन आला, यादीत जागा आहे.

तांबोळी मॅडम साठीच्या. कार्ड घेणारा फिजिशियन तालुक्यात त्या एकट्याच उरल्या होत्या. अप्पांना बघून उठून उभ्या राहिल्या. "अप्पा, लहानपणी ओढ्याच्या पलीकडून तुमचं कीर्तन ऐकलंय मी. आमच्या अब्बांना तुमचा आवाज कानावर आल्याशिवाय झोप लागायची नाही."

"म्हंजे माझ्या कीर्तनात झोपणारे ओढ्यापल्याड पण होते म्हणायचे," अप्पा म्हणाले, आणि दोघं हसली.

मग मॅडमनी पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला, भरेना. त्यांनी पडद्यावर पाहिलं, परत पायाकडे पाहिलं. "पाय एक सांगतात आणि पट्टी दुसरंच सांगते. रक्त तपासू या."

पडद्यावर उत्तर आलं. पट्टीची नोंद समाधानकारक, तपासणीला मंजुरी नाही.

हा क्षण होता, मंडळी. मयूरी हातभर अंतरावर बसली होती. एक वाक्य बोलायचं होतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. बोललो तर दार लागेल, एवढंच तिच्या डोक्यात. मॅडमनी तिच्याकडे बघून विचारलंही, "पट्टी नीट बांधता ना?" आणि ती म्हणाली, "हो."

औषध सुरू झालं, डिगॉक्सिन. फार जुनं औषध, एका झाडाच्या पानांतून सापडलेलं. दमलेल्या हृदयाला बळ देतं, त्याचे ठोके आवरून धरतं. पण कामाचं आणि घातक यांच्यात अंतर अगदी थोडं. अंगातून ते काढून टाकायचं काम किडनीचं. किडनी मंद असेल तर कालचं औषध आज शिल्लक राहतं, आजचं उद्या, आणि साठत जातं. म्हणून दवाखान्यातून एक गोळीडबी मिळाली. ती रोज पट्टीला विचारायची, किडनी कशी आहे? आणि तेवढीच मात्रा खाली टाकायची.

पट्टीत किडनी होती मयूरीची.

पहिले आठ-दहा दिवस अप्पा सुधारले. सूज उतरली. धनराजनं पेढे आणले. पण पट्टी परत अप्पांच्या हातावर गेली की आकडा वर सरके, आणि सत्तर ओलांडला तर नाव यादीतून कटणार. मग मयूरीनं ती आणखी जास्त वेळ ठेवायला सुरुवात केली. दहा तास. चौदा तास. आकडा एकसष्ट. डबीला वाटलं, वा, किडनी सुधारतेय. तिनं मात्रा वाढवली.

अप्पांचं जेवण तुटलं. भाकरीचा वास नको म्हणायचे. एका सकाळी देवळातून हाक आली, "सुनबाई, आज तगर पिवळी कशी?"

परडीत शुभ्र तगर होती. मयूरी म्हणाली, "पांढरीच आहे, अप्पा."

"न्हाई गं. हे बघ. भस्मही पिवळं. माझं धोतर कुणी हळदीत बुडवलं?"

त्या सोमवारी कीर्तनात अप्पा भरात आले आणि थांबले. पेटीवाल्यानं सूर धरला. एक श्वास गेला, दोन गेले, पाच गेले. आम्ही सगळे वर बघत होतो. अप्पांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही कोण ते त्यांना आठवत नव्हतं. मग ते खाली बसले, आणि पेटी तशीच एका सुरावर रडत राहिली.

मंगळवारी सकाळी मयूरीनं त्यांचं मनगट धरलं आणि घड्याळ लावून ठोके मोजले. चाळीस. परत मोजले. एकोणचाळीस, आणि मध्येच एखादा ठोका येतच नव्हता. तेवढ्यात तिच्या स्वतःच्या हातावरची पट्टी बोलली. सकाळचं बोलायची ती रोज.

"सुप्रभात, अप्पा. नाडी शहात्तर. आज तुमची तब्येत छान आहे. थोडं चालून या."

आणि डबीतून टप्पकन गोळ्या पडल्या. दीडच्या जागी दोन.

मयूरीनं त्या मुठीत दाबल्या. दिल्या नाहीत. पण आदल्या दिवसांच्या गोळ्या अप्पांच्या अंगात होत्या, त्या कशा काढणार?

धनराज कामावर निघाला होता. तिनं त्याला अंगणात गाठलं. "मॅडमना सांगायला हवं. आत्ता."

"सांगितलं की काय होतं, वाचलंस ना? खोटी नोंद म्हणजे अख्ख्या घराचं कार्ड पाच वर्षं बंद. ईश्वरीचा दम्याचा पंप त्याच कार्डावर हाय. गोळी देऊ नको. दोन दिवस बघू."

"दोन दिवस अप्पांकडे आहेत का?"

 आतून अप्पांच्या ओकारीचा आवाज आला. धनराजनं खांद्यावरची पिशवी तिथंच टाकली, आत गेला, आणि बापाला लेकरासारखं उचलून घेऊन आला. "चल. टेम्पोचं दार उघड."

दवाखान्यात रांग होती. मयूरी रांग मोडून आत घुसली आणि पट्टीचा हात मॅडमच्या टेबलावर ठेवला. "ही माझ्या हातावर असते. सुरुवातीपासून."

तांबोळी मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मयूरी म्हणते. त्यांनी एवढंच विचारलं, "दिवसात किती तास?"

"आता सोळा."

मॅडमनी डोळे मिटले. मग उठल्या, अप्पांच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि किती तरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. अप्पा पुटपुटले, "नसीम, तू पण पिवळी दिसतेस."

डिगॉक्सिन अंगात साठलं की असंच होतं, सगळं पिवळं दिसतं, ठोके मंदावतात, आणि त्यावरचा उतारा जिल्ह्याच्या रुग्णालयातच होता. गाडी आणि खाट मिळवायची तर पडद्यावर कारण भरावं लागे. दोन रकाने होते. रुग्णाकडून खोटी नोंद. डॉक्टरकडून मात्रेची चूक.

"मॅडम, चूक माझी आहे," मयूरी म्हणाली. "माझंच लिहा."

"तुझी आहेच. पण पहिला रकाना भरला की कार्ड या घटकेला बंद होतं, आणि गाडी येत नाही. यांना तासाभरात तिथं पोचायचंय." आणि त्यांनी दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

अप्पा वाचले. एकोणीस दिवस लागले. ते शुद्धीवर आल्यावर धनराजनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सुनेला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला. "माझ्या जागी तू बसलीस, पोरी. पण औषध माझ्याच पोटात जाणार होतं, हे इसरलीस." रागानं नाही बोलले. म्हणूनच तिला ते सहन झालं नाही.

घरी परतल्यावर पट्टी अप्पांच्या हातावरच राहिली, सोवळ्यातही. देवाची क्षमा मागून ते ती गाभाऱ्यात नेऊ लागले. आकडा शहाऐंशी. डॉक्टर नाही. रुग्णालयातून लिहून दिलेल्या गोळ्यांवर आणि आमच्या सगळ्यांच्या लक्ष ठेवण्यावर ते दिवस काढत होते.

महिन्याभरात बातमी आली. मात्रेच्या गंभीर चुकीबद्दल डॉ. नसीम तांबोळी यांचं नाव जनकवचच्या यादीतून काढलं आहे. तालुक्यात आता कार्ड घेणारा फिजिशियन एकही नव्हता. मयूरी धावत दवाखान्यात गेली. भर दुपारी बाकं रिकामी. मॅडम कपाटातले कागद खोक्यात भरत होत्या.

"मी लिहून देते, मॅडम. कुठंही सही करते. जे झालं ते सगळं."

"लिही. मग तुझ्या मुलीला पंप कोण देईल?"

"पण तुमचं..."

"तू लिहिलंस तरी मी परत येत नाही. नाडी हातात न धरता पट्टीवर विश्वास ठेवला, ही माझीच चूक. पाय मला सांगत होते गं. मी पडद्याचं ऐकलं."

मयूरी रडायला लागली. "मी काय करू तुमच्यासाठी? सोमवारी देवाला अभिषेक घालते तुमच्या नावानं."

मॅडमनी हातातलं खोकं खाली ठेवलं. टेबलावरचा एक कागद उचलून तिच्यासमोर धरला. उद्याची यादी होती. एकतीस नावं.

"माझ्या नावानं नको. हे पहिलं नाव वाच."

मयूरीनं वाचलं. सुलाबाई होनमाने. वय एकसष्ट. भारांक एकोणसत्तर.

"आठ महिने थांबली होती. तिनं कुठली युक्ती केली नाही. पथ्य पाळलं, रोज चालली, आकडा एकेक करून खाली आणला. उद्या सव्वादहाला यायची होती."

"त्यांना कळवलं?"

"यंत्रानं कळवलं. यादी भरली आहे म्हणून."

दुसऱ्या दिवशी मयूरी शोधत शोधत डोंगराखालच्या होनमाने वस्तीवर गेली. दाराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "आजीला घेऊन गेली की पोरं. रात्रभर बसूनच होती, आडवं होता येईना. कर्नाटकात कुणीतरी डॉक्टर कार्ड घेतो म्हणून ऐकलं, तिकडं गेली." कोणत्या गावाला? तिला माहीत नव्हतं. मयूरी पुढे दोनदा जाऊन आली. कुलूप तसंच होतं.

अप्पा गेल्या माघात गेले, पूजा आटोपून, उन्हात बसल्या बसल्या. ईश्वरीचा दमा आता बरा आहे, पंप लागत नाही. मयूरीच मला म्हणाली, काका, आता नावानिशी सांगा, माझं नाव लपवू नका. म्हणून सांगितलं. सुलाबाईंचं पुढे काय झालं, ते आजही आम्हाला कुणाला माहीत नाही.

आता हात सोडा एकमेकांचे. आरती होईल, तुम्ही डोळे मिटाल, आपापल्या माणसांसाठी मागाल. मागा. पण त्याआधी एक नाव घ्या, मोठ्यानं नको, मनातल्या मनात. ज्यांना तुम्ही कधी पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. सुलाबाई होनमाने. त्यांची आठवण ठेवा.